लाल गिटार मी देणार नाही

प्रिय सॉल्ही ऑन्नी,

तुझी लाल गिटार मी कुणालाही देणार नाही. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे बाकीचं जरा शांतपणे सांगता येईल. गेल्याच्या आधीच्या रविवारी तू म्हणालीस, "माल्सून, ती गिटार देऊन टाक कुणाला तरी, तुझ्या घरात उगीच जागा अडवते." तुझा लेक थेशिक शेजारी बसून तुझ्यासाठी संत्रं सोलत होता, म्हणून मी गप्प बसले. गप्प बसून घरी आले आणि रात्रीचं जेवण करपवलं. फोनवर तुझ्याशी भांडायची सोय नाही. तुझ्या वृद्धाश्रमातली मुलगी फोन तुझ्या कानाशी धरून उभी राहते आणि तू "हो, हो, सगळं बरं आहे" म्हणून मोकळी होतेस. म्हणून हे पत्र. हे तुला स्वतःच्या हातात धरावं लागेल आणि मध्येच "बरं, ठेवते" म्हणून सुटताही येणार नाही.

बातमी अशी की मी अ‍ॅम्प घेतला. हो, गिटारचा. हसू नकोस, किंवा हस, तेवढंच तुझं तोंड उघडेल. तुझं घर रिकामं करताना थेशिकने ती गिटार कचऱ्याच्या काळ्या पिशवीत घालून मला आणून दिली, तेव्हापासून ती माझ्या कपाटाला टेकून उभी होती. माझी ती समाजकेंद्रातल्या क्लाससाठी घेतलेली स्वस्तातली इलेक्ट्रिक गिटारही तिच्या शेजारी. आजवर मी बिनअ‍ॅम्पचीच वाजवत होते. अ‍ॅम्पशिवाय इलेक्ट्रिक गिटार म्हणजे मीठ न घातलेलं सूप, हे तुझंच म्हणणं. तर त्या रविवारनंतर मी ठरवलं की आता पुरे.

त्या रविवारी मला खरा राग कशाचा आला ते ऐक. मी खोलीत शिरले तेव्हा तुम्ही सगळ्याजणी ओळीने खुर्च्यांत बसला होता, समोर टीव्ही, आणि प्रत्येकीच्या कानात हेडफोन. टीव्हीवर कुणीतरी रडत होतं आणि खोलीत हूं की चूं नाही. मी "ऑन्नी!" म्हणून, सख्ख्या ताईला मारावी तशी, हाक मारली. तू वळली नाहीस. दुसऱ्यांदा मारली, तरी नाही. मग तिथली ताई कौतुकाने मला म्हणाली, "बघा ना मावशी, आमच्याकडे किती शांत असतं. कुणाचा कुणाला त्रास नाही." ऑन्नी, ज्या बाईने एके काळी अख्ख्या वॉन्जू शहराला एकमेकांशी बोलायला लावलं, तिच्या कानात बूच मारून तिला बसवलंय आणि वर म्हणतात शांत!

दुसऱ्याच दिवशी मी भाजी आणायची छोटी ढकलगाडी घेतली आणि नाकवॉनच्या वाद्यबाजारात गेले. जिना चढून वर गेलं की डावीकडे तिसरं की चौथं दुकान. मालक पन्नाशीचा, करड्या केसांची शेंडी बांधलेला. मला बघताच म्हणाला, "या आजी. नातवासाठी का?" मी म्हटलं, "लग्न केलं नाही, नातू कुठून आणू? तुमच्याकडे मिळतो का?" बिचारा ओशाळला. पण त्यामुळे त्याने निदान खुर्ची दिली आणि समोर जवाचा चहा ठेवला.

पहिला त्याने काढला तो तळहाताएवढा. फोनला जोडायचा, मग त्यातून म्हणे पन्नास प्रकारचे आवाज निघतात, एकाचंही नाव मला उच्चारता येईना. "घरात सरावाला हल्ली सगळे हाच नेतात," तो म्हणाला, "हेडफोन लावायचा, की शेजाऱ्यांचं काही म्हणणंच नाही." मी वाजवून बघितला. डब्यात कोंडलेली माशी. मग मी मोठ्याकडे बोट दाखवलं, गुडघ्याएवढा होता, चाळीस वॅटचा. तो मात्र शहाण्यासारखं बोलला. म्हणाला, "आजी, हा हॉलमध्ये वाजवायचा. फ्लॅटमध्ये याचं बटण एकच्या पुढे नेता येणार नाही, आणि एकवर हा घसा धरल्यासारखा वाजतो. मोठा घेऊन दाबून ठेवण्यापेक्षा लहान घ्या आणि मोकळा सोडा." हे मला पटलं. काचेच्या दिव्यांवर चालणारा एक होता, दिसायला देखणा, पण त्याची किंमत ऐकून मी चहाचा कप खाली ठेवला. उरले मधले, दहा-पंधरा वॅटचे. त्यांतले तीन मी आलटून पालटून वाजवले. एक खर्जात घुमत होता, एक फारच गोडगोड. तिसरा ठीक होता. त्याने तो पुसायलाही घेतला.

मी म्हटलं, "पण याला एकच भोक आहे." "म्हणजे?" "गिटारची पिन लावायला एकच जागा आहे." "मग किती हव्यात? गिटार तर एकच वाजवणार ना?" मी म्हटलं, "मला दोन हव्यात." तो समजावू लागला की लहान अ‍ॅम्पना हल्ली एकच असते, आणि घरी सराव करणाऱ्याला दोनाची गरज नसते. मी ऐकून घेतलं आणि म्हटलं, "दोन." शेवटी तो मागच्या फळीपाशी गेला आणि खोके बाजूला सारून धुळीने माखलेला एक जुना अ‍ॅम्प काढून आणला. पंधरा वॅटचा, आपल्या किमचीच्या मोठ्या डब्याएवढा, समोरचं कापड एका कोपऱ्यात फाटलेलं. फोनबिन काही नाही. आवाज, खर्ज, टीप, एवढीच बटणं, आणि त्यांच्या शेजारी दोन भोकं. आवाजाचं बटण फिरवलं की खरखरायचं, ते त्याने कसलासा फवारा मारून साफ करून दिलं.

त्याने पिन हातात दिली आणि ऑन्नी, मी दुकानातच मोठ्याने हसले. ती आपली पिन आहे गं! टेलिफोन एक्स्चेंजमधली, आपल्या बोर्डावरची. तीच जाडी, तेच गोल टोक, आत शिरताना तोच खट्ट आवाज. डोळ्यांनी बघायच्या आधीच माझ्या बोटांनी ती ओळखली. मालकाला सांगितलं तर तो म्हणाला, "काय सांगता! माझी आईपण एक्स्चेंजला होती," आणि तिथून आमचा सूर जुळला. ऐंशी हजार वॉन म्हणाला होता, ते त्याने कमी केले नाहीत, पण मी फुकटात दोन वायरी मागितल्या. "दोन कशाला?" "एक तुटली तर?" त्याने दोन दिल्या. वर तारा छेडायची चार पिकंही टाकली.

तुला वॉन्जूच्या नदीकाठची ती सहल आठवत असेलच. नसेल तर मी आठवण करून देते, कारण त्या आश्रमात तू असं वागतेस जणू तू जन्मल्यापासून म्हातारीच आहेस. ऑफिसचा शरद ऋतूचा क्रीडा दिवस. खांबांवर चढणाऱ्या लाइनमन पोरांचा बँड होता, त्यांनी दुपारी जेवायला बसताना आपल्या गिटारी आणि तो एकुलता एक अ‍ॅम्प उघड्यावर ठेवला. तू मला कोपराने ढोसलंस. एका अ‍ॅम्पला दोन गिटारी लावल्या आपण, एका भोकात तुझी, एका भोकात माझी. मी नुसता ठेका धरला, तू धून वाजवलीस. वर्षभर "नंबर सांगा" आणि "जोडते आहे, कृपया लाइनवर राहा" याखेरीज ज्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता त्या पोरी एकदम उठून नाचू लागल्या. मग साहेब आले. "हे काय चालवलंय? मुलींच्या जातीला शोभतं का?" म्हणाले, आणि खाली वाकून तुझी वायर उपटली. मी तर मान खाली घातली. आईबापांनी पाचवीही मुलगीच झाली म्हणून वैतागून माझं नाव माल्सून, म्हणजे "शेवटची", ठेवलं होतं, कुणी दरडावलं की मान खाली घालायची मला सवयच. पण तू? तू उठलीस, वायर उचललीस, आणि साहेबांच्या डोळ्यांत बघत ती पुन्हा लावलीस. खट्ट. "लाइन तुटली होती साहेब, जोडून दिली," म्हणालीस. साहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला, तुझा पगार कापला, आणि पुढे हिवाळाभर आपल्याला सकाळची पहिली पाळी दिली. मला त्याचं काही वाटलं नाही. त्या दिवसापासून मी मान खाली घालणं सोडलं.

तर परत नाकवॉनला येते. तुला माहीत आहे, तिथे वर वाद्यं आणि खाली तांदळाच्या वड्यांची दुकानं. अ‍ॅम्प ढकलगाडीत घालून मी जिन्याच्या कडेच्या लिफ्टने खाली आले, तर समोर वाफाळती परात. लाल चवळीच्या भरड्याचा थर लावलेल्या वड्या. नव्या घरात राहायला आलं की शेजाऱ्यांना वाटतात त्या. मी अख्खी परात घेतली. दुकानातली बाई म्हणाली, "अभिनंदन हो, कुठे घेतलं घर?" मी म्हटलं, "सांगये भागात. जुनंच आहे." तिला काही कळलं नाही. भुयारी रेल्वेत माझ्या गाडीत खाली अ‍ॅम्प, वर वड्या, आणि सगळा डबा त्या वासाने भरलेला. एका म्हाताऱ्याने उठून मला जागा दिली, आणि नंतर हळूच विचारलं की वर नैवेद्य आहे, तर खाली खोक्यात देवघर आहे का.

घरी येऊन मी वड्या कापल्या आणि वाटायला निघाले. आमच्या मजल्यावर, वर, खाली, आणि दारावरच्या रखवालदाराला. प्रत्येक दारात एकच प्रश्न. "अगंबाई, कोण राहायला आलं?" काहींना वाटलं मीच घर विकून चालले आणि जाता जाता नव्या भाडेकरूच्या वतीने वाटतेय. इतकी वर्षं इथे राहते मी, माझ्या हातच्या भाज्या नि लोणची खाऊन त्यांची पोरं मोठी झाली, तरी लाल वडी दिसली की माणसं आधी नवं बिऱ्हाड शोधतात. मी त्यांना काय उत्तर दिलं ते शेवटी सांगते.

खरी परीक्षा होती खालच्या मजल्यावरचे कू गुरुजी. निवृत्त मुख्याध्यापक. इमारतीत कुणाच्या हातून ताट पडलं तरी ते व्यवस्थापनाच्या ऑफिसला फोन करतात. मागच्या महिन्यात मी न्हाणीघराच्या भिंतीत भोकं पाडून घेतली तेव्हाही दारात उभे. या वेळी मीच आधी गेले. "गुरुजी, मी गिटारचा अ‍ॅम्प आणलाय. रोज संध्याकाळी पाच ते सहा वाजवणार. परवानगी मागत नाही, कळवतेय." त्यांनी ताटली घेतली, "हेडफोन नावाची वस्तू निघाली आहे," एवढं म्हणाले आणि दार लावलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वाजवायला बसले, आवाजाचं बटण तीनवर, आणि अर्ध्या तासात छतातला स्पीकर बोलला. घराघरात ऐकू जातो तो. "रहिवाशांना नम्र विनंती, काही घरांतून वाद्यांचा आवाज येत असल्याच्या तक्रारी आहेत, शेजाऱ्यांचा विचार करावा." मी वर बघून म्हटलं, तुझा आवाज माझ्या अ‍ॅम्पपेक्षा मोठा आहे, तुझी तक्रार कुणाकडे करू?

आणि गेले ऑफिसात. तिथला तरुण पोरगा हात जोडून म्हणाला, "आजी, मला दोन्हीकडून बोलणी खावी लागतात. हेडफोन लावा ना, सगळ्यांचीच सोय." सगळ्यांचा एकच पाढा. दुकानदार हेडफोन, गुरुजी हेडफोन, ऑफिस हेडफोन, आणि तुझ्या आश्रमात तर ते जेवणाआधीच वाटत असतील. मी टेबलावर हात ठेवून त्याला सांगितलं, "बाळा, वरच्या मजल्यावर पोरं धावतात, ते चालतं. समोरच्यांचा कुत्रा भुंकतो, ते चालतं. रात्री आठनंतर वाजवलं तर मला दंड कर, मी भरीन. पण दिवसाउजेडी, माझ्या घरात, तासभर, तीनवर. हेडफोन एकटीच्या कानाला लागतो. मला एकटीने ऐकायचं नाही." त्याने नियमांचं पुस्तक उघडलं, त्यात बंदीची वेळ रात्रीचीच निघाली. पुन्हा छतातून कुणी बोललं नाही.

पण गोष्ट इथे संपली नाही. आठवडाभराने गुरुजी वर आले. माझी ताटली परत करायला. रिकामी ताटली परत करायची नसते एवढं त्या माणसालाही ठाऊक आहे, तिच्यात तीन पर्सिमन होते, छान पिकलेले. मी म्हटलं, आता पुन्हा तक्रार. ते दारातच उभं राहून म्हणाले, "आवाजाचं राहू द्या. पण हे तुम्ही रोज वाजवता काय? नुसतं झ्यांग झ्यांग, झ्यांग झ्यांग. गाणं सुरू होईल, आता होईल, म्हणून आम्ही नवराबायको खाली चहा घेऊन बसतो, आणि सहा वाजता तुम्ही बंद करता. धून कुठे आहे? अर्धंच गाणं वाजवून माणसाला छळायचं असतं का?" मला हसू फुटलं आणि नंतर, गुरुजी गेल्यावर, रडूही आलं. त्यांचं बरोबर होतं गं. मला ठेकाच येतो. धून मला कधी आलीच नाही.

ऑन्नी, आता खरं लिहिते. तू त्या आश्रमात कंबरेचं मोडलेलं हाड जुळेपर्यंतच राहणार होतीस. हाड जुळलं. पण तेवढ्यात थेशिकने तुझं घर सोडून दिलं, आणि तू "पोराला त्रास नको" म्हणून तिथेच राहिलीस. थेशिक वाईट नाही, संत्रं नीट सोलतो, शिरासुद्धा काढतो. पण त्याला वाटतं की तुला सुरक्षित ठेवलं म्हणजे झालं. मी तिथल्या मुख्य बाईंना विचारून आले आहे. तू स्वतःच्या तोंडाने "मला जायचंय" म्हणालीस, तर तुला कुणी अडवू शकत नाही. तुझ्या तोंडाने. त्यासाठी आधी कानातलं ते काढावं लागेल.

न्हाणीघरात मी भोकं पाडली ती तुला धरायच्या दांड्यांसाठी. माझ्या मोठ्या खोलीत पलंग आणलाय, तुला जमिनीवरून उठवत नाही म्हणून. मी पलीकडच्या खोलीत गादी घालते, मला ऊब तापवलेल्या जमिनीचीच आवडते. दुखऱ्या मनगटाचं कारण तू सांगूच नकोस. तुझी बोटं पूर्ण मिटत नाहीत हे मला माहीत आहे, पण धून एका तारेवरसुद्धा निघते, आणि ती वाजवायला दोन बोटं पुरतात. चुकलीस तर कू गुरुजी खालून सांगतील. आणि लोकांनी विचारलं ना, कोण राहायला आलं म्हणून? मी प्रत्येक दारात सांगितलं, "माझी ऑन्नी राहायला आलीय." येणार आहे नाही म्हटलं, आलीय म्हटलं. अख्ख्या इमारतीने तुझ्या नावाच्या वड्या खाल्ल्या आहेत. रखवालदाराने तर दोन. आता तू आली नाहीस तर मी सगळ्यांत खोटी पडेन, आणि या वयात मला ते परवडणार नाही. शनिवारी सकाळी मी टॅक्सी घेऊन येते. सामान फार घेऊ नकोस, चपला, चष्मा आणि औषधं पुरेत. थेशिक ओरडला तर ओरडू दे, आपण बटण चारवर नेऊ. एका भोकात माझी वायर आहे. दुसऱ्यात तुझी मी आणल्या दिवसापासून लावून ठेवली आहे, तिचं मोकळं टोक जमिनीवर पडलेलं असतं, आणि जाता येता मी रोज त्याला अडखळते. ये आणि ते उचल.

तुझीच,
माल्सून